हुदैदाच्या शाळेतून परतलेला भंडारी

आत्माराम भुवडला समुद्र कधीच आवडला नाही. देवरूखच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याची वाडी. सकाळी नऊ वाजेपर्यंत तिथे ऊन उतरत नाही, आणि समुद्र बघायचा तर एसटीने दीड-दोन तास रत्नागिरीला जावं लागतं. तिथला माणूस पंचवीस वर्षं जहाजावर राहिला याचं कारण एकच, रत्नागिरीतल्या राजिवड्याचा कासम होडेकर.

वाडीतले पुरुष मुंबईला जातात तसा आत्मारामही गेला होता. माझगावला एका खानावळीत भांडी घासता घासता तो स्वयंपाक शिकला. गोदीतली माणसं तिथे जेवायला येत, त्यांत कासम असे. एक दिवस कासमने ताटातला शेवटचा घास संपवला आणि थेट आत जाऊन विचारलं, "ही आमटी कोणी केली?"

"मी."

"जहाजावर येतोस काय?"

"मला पोहता येत नाही."

"जहाज पोहतं रे. आपण कशाला पोहायचं?"

जहाजावरच्या आचाऱ्याला खलाशी भंडारी म्हणतात. आत्माराम जातीने कुणबी. तो भंडारी झाला म्हटल्यावर वाडीत चार दिवस हसू झालं. पण पगार घरी येऊ लागला, गोदाशी लग्न झालं, जांभ्या दगडाचं घर उभं राहिलं, मुलगी कॉलेजात गेली. कासम जिथे जाईल तिथे आत्माराम. मस्कत, सलाला, दुबई, जेद्दा. रमजानमध्ये तो पहाटे उठून सगळ्यांची सहरी करायचा, आणि गणपतीला सुट्टी मिळाली नाही तर कासम त्याला इंजिनरूमच्या बाहेर एक कोपरा मोकळा करून द्यायचा. यात आपण काही मोठं करतो आहोत असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत ते एका टगवर होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांना किंवा बार्जला, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट मालबोटीला, ओढून नेणारी लहान, दणकट बोट. कासम तिच्यावर सगळ्यांत वरचा. कागदावर त्याचा हुद्दा वेगळा होता, पण बाकीचे सहाही जण त्याला तांडेल म्हणत. ओमानहून दगड भरलेला बार्ज ओढत ते सौदीच्या किनाऱ्याकडे निघाले होते. तांबड्या समुद्रात तेव्हा येमेनमधले हुथी बंडखोर जहाजं अडवत होते, क्षेपणास्त्रं डागत होते. मालक म्हणाला, दगडांवर कोण क्षेपणास्त्र मारणार? ते खरंही होतं. पण त्या समुद्राच्या तोंडाशी असलेली सामुद्रधुनी ओलांडल्यावर तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं, आणि वाऱ्याने त्यांना येमेनच्या किनाऱ्याकडे ढकलत नेलं. सकाळी तीन होड्या आल्या. कमरेला वाकडे खंजीर आणि खांद्याला बंदुका लावलेली माणसं चढली. कासम अरबीत बोलू लागला, तेव्हा त्यांच्यातला एक हसला आणि त्याने पहिल्यांदा कासमचा फोन काढून घेतला.

हुदैदा नावाच्या बंदरात त्यांना एका शाळेत ठेवलं. शाळा बंद होती. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या होत्या, बाकं एका कोपऱ्यात रचली होती, फळा मात्र जागच्या जागी होता. हवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारखी, खारट, चिकट, माशांच्या वासाची. आत्मारामला पहिल्या रात्री रडू आलं ते भीतीने कमी आणि त्या वासाने जास्त.

त्यांच्यावर नेमलेला माणूस होता उस्ताद यह्या. पन्नाशीचा, सडपातळ, एका डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. तो उत्तरेकडच्या डोंगराळ सादा प्रांतातला. तिथे तो इतिहास शिकवत असे. शिक्षकांना कित्येक वर्षं पगार नव्हता, तेव्हा तरुणपणापासून ज्या हुथी चळवळीत होता तिचा तो पूर्णवेळ झाला होता. कैद्यांना 'समज' देणं हे त्याचं काम. आठवड्यातून तीन दिवस तो खडू घेऊन यायचा. तो अरबीत बोलायचा आणि कासमने ते हिंदीत सांगायचं.

आत्माराम सातवी शिकलेला. पण त्या खोलीत ऐकण्यावाचून दुसरं काही करायला नव्हतं, त्यामुळे त्याने ते ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं. उस्ताद फळ्यावर एक लांब रेघ ओढायचा. तेराशे वर्षांपूर्वी पैगंबरांच्या घराण्यातल्या झैद नावाच्या पुरुषाने जुलमी खलिफाविरुद्ध तलवार उपसली आणि तो मारला गेला. त्याला मानणारे ते झैदी. राजा अन्यायी झाला तर उठाव करणं हे कर्तव्य, असं ते मानत. येमेनच्या उत्तरेत त्यांच्या इमामांनी हजारेक वर्षं कमीजास्त राज्य केलं. इमाम पैगंबरांच्याच वंशातला हवा. मग एकोणीसशे बासष्टमध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी इमामाला हाकललं, प्रजासत्ताक आलं. उस्तादच्या आजोबांसारख्या सय्यद घराण्यांना, ज्यांच्या हाताचं लोक चुंबन घेत, त्यांना कचेरीत रांगेत उभं राहावं लागलं.

"म्हणजे आपल्याकडची खोतकी गेली तसं," आत्माराम मध्येच म्हणाला.

कासमने ते भाषांतर केलं नाही. पण त्याच्या मिशीत हसू आलं.

पुढची गोष्ट उस्ताद स्वतः जगला होता. तो शाळकरी असताना त्यांच्या डोंगराजवळ सौदीत शिकून आलेल्यांनी मदरसा काढला. मागोमाग सौदीचा पैसा आला. झैदींची नमाजची रीत चुकीची, त्यांच्या वलींच्या म्हणजे संतांच्या कबरी चुकीच्या, असं ते शिकवू लागले. त्याच सुमारास इराणात शहाला घालवून मौलवींनी राज्य हातात घेतलं होतं. उस्तादच्या पिढीला वाटलं, आपल्यालाही जमेल. त्यांनी उन्हाळी शिबिरं भरवली. मुलं सकाळी कुराण पढायची, दुपारी फुटबॉल खेळायची, संध्याकाळी भाषणं ऐकायची. "आधी आम्ही फक्त आमची रीत वाचवत होतो," उस्ताद म्हणाला. नंतर अमेरिकेने इराकवर चाल केली, आणि शिबिरातली मुलं शुक्रवारी मशिदीत घोषणा देऊ लागली. सरकारने पकडलं. लढाई झाली. त्यांचा म्होरक्या मारला गेला, त्याचा भाऊ म्होरक्या झाला. सहा लढाया झाल्या. दहा वर्षांत तीच शिबिरातली मुलं राजधानीत राज्य करत होती. मग सौदीची विमानं आली. उस्तादच्या दोन मुली एका लग्नघरात गेल्या होत्या. त्या घरावर बॉम्ब पडला.

हे सांगताना तो रडला नाही. त्याने फळ्यावर दोन नावं लिहिली आणि ती बराच वेळ पुसली नाहीत. चहा-स्वयंपाक तिथेही आत्मारामकडेच होता; त्या दिवशी त्याने उस्तादचा चहा जास्त गोड केला. उस्तादने तो घेतला.

कासमचं मत वेगळं होतं. उस्ताद गेल्यावर तो भिंतीला टेकून पाय चोळत बसायचा. त्याला मधुमेह होता, रोज इन्सुलिन लागे. टगवरून आणलेलं दोन महिने पुरलं होतं.

"माझे आजोबा सांगायचे," तो एकदा म्हणाला, "ते लहान असताना तुर्कस्तानच्या खलिफासाठी मोहल्ल्यात वर्गणी काढलेली. माझ्या पणजीने नथ दिली. इथून खलिफा वाचवायला निघालेले, आणि चार वर्षांनी तुर्कांनीच त्याला घरी बसवला. नथ गेली ती गेली. आजोबा म्हणायचे, नमाजला चटई पुरते, तख्त लागत नाय."

"मग हे उस्तादला सांगा."

"माज्या पायाला जखम झालीय. त्याला राग आणून काय करू?"

तरी त्याने राग आणलाच. जूनमधली गोष्ट. उस्ताद पुन्हा तलवारीवर आला होता. अन्यायी राज्यकर्त्याविरुद्ध उठणं कर्तव्य, असं त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं. कासमने भाषांतर केलं आणि मग हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. तो अरबीत काहीतरी बोलला. दारातल्या पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. उस्तादने फळा पुसला, खडू खिशात घातला आणि निघून गेला.

"काय बोललात?" आत्मारामने विचारलं.

"एवढंच विचारला, आता राज्य तुमचा हाय. बाहेर लोकांना पीठ मिळत नाय, जो बोलतो त्याला तुम्ही आत टाकता. मग आता तुमच्यावर कोणी तलवार उपसायची?"

त्यानंतर वर्ग झाले नाहीत. कासमच्या तळव्याची जखम काळी पडू लागली होती. आत्माराम मिठाच्या कोमट पाण्याने ती धुवायचा, आपला शर्ट फाडून बांधायचा. पहारेकऱ्यांकडे त्याने इन्सुलिनसाठी हात जोडले, पाय धरले. आठ दिवसांनी उस्ताद आला, पण बरोबर कॅमेरा घेऊन. म्हणणं सोपं होतं. तांडेलने सांगावं की बार्जवरचे दगड नुसते दगड नव्हते, ते इस्रायलकडे जायचं सामान होतं, आणि मालकाने हे लपवलं होतं. शिवाय चळवळ हक्काची लढाई लढते आहे, असंही. एवढं बोलला की औषध येईल.

कासम नाही म्हणाला. उस्ताद गेल्यावर त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "असा बोललो तर आपण सगळे हेर ठरतो. हेरांना हे चौकात उभे करून गोळ्या घालतात. माजा काय व्हायचा ता होऊ दे. कोणी बोलायचा नाय. आत्मा, तुलापण सांगतो."

आत्मारामने मान डोलावली.

दहा दिवस त्याने तो शब्द पाळला. मग कासमला ताप चढला, तो हलीमाला, आपल्या बायकोला, हाका मारू लागला, खोलीत कुजल्याचा वास भरला. आत्माराम दारापाशी गेला आणि उस्तादला बोलवा म्हणाला. त्याला एका खुर्चीवर बसवलं. मागे हिरव्या-तांबड्या अक्षरांचं कापड. हिंदीत बोल, असं सांगितलं. तो बोलला. दगड नव्हते म्हणाला. मालकाने फसवलं म्हणाला. हे लोक हक्कासाठी लढतायत म्हणाला. शेवटी स्वतःहून जोडलं, "आमच्या तांडेलला औषध द्या."

ते शेवटचं वाक्य त्यांनी कापून टाकलं हे त्याला पुढे रत्नागिरीत कळलं.

औषध दोन दिवसांत येणार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्रायलची विमानं आली. बंदरावरच्या तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पुढे कित्येक दिवस काळा धूर खिडकीतून दिसत राहिला. रस्ते बंद, गाड्या नाहीत, असं पहारेकरी म्हणाला. ते खरं होतं की निमित्त, हे आत्मारामला आजही माहीत नाही. नवव्या दिवशी इन्सुलिनच्या तीन बाटल्या आल्या, गरम झालेल्या. तोवर जखमेचं विष रक्तात गेलं होतं.

कासम शुद्धीवर आला तेव्हा त्याने बाटल्या बघितल्या, मग आत्मारामकडे बघितलं. त्याला कळलं.

"मी नको सांगितलेला ना," तो म्हणाला.

"कासमभाय, मला तुम्हाला बघवेना."

कासमने तोंड भिंतीकडे केलं. तो आणखी दोन दिवस जगला. पाणी आत्मारामच्या हातून प्यायला, पण बोलला नाही.

हेर म्हणून कोणाला गोळ्या घातल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये ओमानच्या मध्यस्थीने उरलेल्या सहांना सोडलं. विमानतळावर कोणीतरी शाल घातली, कोणीतरी फोटो काढला. वाडीत गोदाने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नवऱ्याला आत घेतलं. आठ दिवस तिने त्याला काही विचारलं नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलानी. पोरीला कॉलेजात बोलले. म्हटलं तुमाला आधीच सांगून ठेवू."

तो राजिवड्याला गेला तेव्हा बरोबर काही नेण्यासारखं नव्हतं. कासमचं घड्याळ, जपाची तसबी, सगळं पहारेकऱ्यांनी ठेवून घेतलं होतं. हलीमाभाभी ओटीवर बसली होती. मुलगी सासरी, घरात ती एकटी. तिने त्याला पाणी दिलं आणि सगळं विचारलं. तो सगळं बोलला, खुर्चीचंही बोलला, भिंतीकडे फिरवलेल्या तोंडाचंही.

"आंघोळ कोणी घातली त्यांना?"

"मी आणि आपल्या टगवरच्या दोघा बंगाली मुसलमान पोरांनी. ते म्हणाले तसं केलं. कफन पांढरंच होतं."

"आणि जनाज्याची नमाज?"

आत्मारामने खाली बघितलं. याचीच त्याला वाटभर धास्ती होती.

"उस्तादने पढली, भाभी."

"कोण उस्ताद?"

"तोच. औषधवाला."

हलीमाने हातातला रिकामा पेला जमिनीवर नीट टेकवला. "त्याने पढली?"

"हो. तुमच्यासारखे हात बांधून नाही, सोडून उभे राहिलेले ते सगळे. त्यांची रीत तशी. तो रडत होता, भाभी. मी बघितलं."

"तो रडत होता, होय?" ती म्हणाली. मग उठली, आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिने चहा आणला होता. डोळे कोरडे होते. "कबरीवर काही खूण हाय?"

"दगड लावला. नाव मी कोळशाने लिहिलं. पाऊस तिकडे फार नसतो."

जानेवारीत महिपत जाधव त्याच्या घरी आला. देवरूखात त्याचा मोबाइलचा गाळा होता, आणि तो नागरिकांच्या एका मंडळाचा कार्यवाह होता. माणूस वाईट नव्हता. मुलीच्या कॉलेजातल्या त्रासाबद्दल तोच दोन पोरांना दटावून आला होता.

"आत्मारामकाका, तुम्ही एकदा लोकांसमोर बोला," तो म्हणाला. "व्हिडिओचा डाग धुवून निघेल. त्यांनी तुम्हाला कसं छळलं, हिंदू म्हणून काय काय केलं, सगळं सांगा. ह्या लोकांचं मूळ काय ते लोकांना कळू दे."

"मूळ मला माहीत आहे," आत्माराम म्हणाला. "सांगतो."

सभागृह भरलं होतं. मागे मोठा फलक, त्यावर आत्मारामचा फोटो आणि जळणारं जहाज. त्यांचं जहाज कधी जळलंच नव्हतं. तो उभा राहिला, माइकला भिऊन थोडा लांबच. त्याने झैदपासून सुरुवात केली. इमाम, बासष्ट साल, सौदीचा मदरसा, उन्हाळी शिबिरं. लोकांना वाटलं प्रस्तावना आहे. मग तो म्हणाला, "तिथे मुसलमानच मुसलमानाला मारतो. कोणाचं राज्य, एवढाच झगडा. धर्माचं नाव घेऊन राज्य केलं की मग प्रश्न विचारणारा धर्माचाच वैरी ठरतो. आमच्या कासमभायने एकच प्रश्न विचारला, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाने. त्याला मारलं. मला हिंदू म्हणून कोणी हात लावला नाही. मी भित्रा म्हणून मला वापरलं."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "व्हिडिओत काय बोललास ते सांग!"

"बोललो," आत्माराम म्हणाला. "खोटं बोललो. आणि कोण राजा धर्माच्या नावाने उभा राहिला तर त्याला तोच प्रश्न विचारायला पाहिजे, मग तो कुठल्याही..."

महिपतने हसतमुखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने माइक घेतला आणि आभार मानले. टाळ्या थोड्या वाजल्या. परतताना गाडीत महिपत एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही मला अडचणीत आणलंत." पुन्हा तो घरी आला नाही.

त्याच आठवड्यात राजिवड्याच्या नाक्यावर दोन तरुणांनी आत्मारामला अडवलं. त्यांच्या फोनवर सभेचा तुकडा होता. ते शिव्या देत नव्हते, उलट अदबीने बोलत होते, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं.

"चाचा, गाझासाठी आख्ख्या जगात तेच लढतायत. ते औषधाविना माणूस मारतील? तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून बोलता?"

"मी तिथे होतो रे."

"व्हिडिओतपण तुम्ही तिथेच होतात. मग कुठला खरा धरायचा?"

तो चालत भाट्याच्या पुलापर्यंत गेला, तिथून स्टँडवर आणि एसटीने घरी.

जहाजाची नोकरी संपली. एजंट फोन उचलत नाही, कारण व्हिडिओत मालकाचं नाव आहे. देवरूखच्या एका मंगल कार्यालयात तो आता आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो. पंगतीत वाढायला जात नाही, चुलीपाशीच राहतो. मुलीने कॉलेज सोडलं नाही, हे एक बरं. ती राज्यशास्त्र शिकते. परीक्षेच्या आधी तिने एकदा वही घेऊन त्याच्याजवळ बसून इमामांची सालं विचारली. बासष्ट त्याने बरोबर सांगितलं, बाकीची त्याला नीट आठवली नाहीत.

कासम होडेकर सरकारदरबारी अजून बेपत्ता आहे. हुदैदाहून कागद येत नाही, कागदावाचून मृत्यूचा दाखला नाही. दर महिन्याला हलीमा आणि आत्माराम कुठल्या ना कुठल्या कचेरीत जाऊन बाकावर बसतात. यंदा पावसाळ्याच्या आधी एका साहेबाने सांगितलं, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र करून आणा, बघू. म्हणून ते कोर्टाच्या आवारातल्या टंकलेखकाकडे गेले. तो सराईत होता. नाव, वय, राहणार, भराभर टाइप करत गेला.

"मृत्यू तुमच्यासमोर झाला?"

"हो."

"कारण काय लिहू?"

आत्मारामने तोंड उघडलं. त्याला फळा आठवला, खुर्ची आठवली, गरम झालेल्या बाटल्या आठवल्या. कुठून सांगायला घ्यावं ते त्याला समजेना. टंकलेखकाची बोटं थांबली होती. मागे दोघंजण नंबर लावून उभे होते.

"साखर लिहा," हलीमा म्हणाली. "साखर होती त्यांना."

टंकलेखकाने 'मधुमेहाने नैसर्गिक मृत्यू' असं टाइप केलं आणि कागद बाहेर काढून आत्मारामसमोर ठेवला. आत्मारामने दोनदा वाचलं. मग जिथे बोट दाखवलं होतं तिथे सही केली.